गजूभाऊ कोपरे पाहतात

गजूभाऊंकडे जुना फोटो घेऊन जायचं असेल, तर घरून जेवूनच निघावं. मंगरूळपीरच्या बसस्टँडसमोर त्यांचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, परीक्षेचे अर्ज वगैरे ते चुटकीसरशी उरकतात. पण लग्नाचा फोटो आला की हा माणूस घड्याळ विसरतो.

झालं असं, की गावातल्या एका फोटो स्टुडिओवाल्यानं दुकान बंद करताना सांभाळलेले सगळे कृष्णधवल फोटो स्कॅन केले आणि ज्याचे त्याला देऊन टाकले. सगळ्या फाइली ‘टिफ’. मोबाइलवर त्या उघडत नाहीत, ग्रुपवर दिसत नाहीत. मग लोक त्यांचं जेपीजी करून घ्यायला गजूभाऊंकडे येतात. काम दोन क्लिकचं. गजूभाऊ त्याला अर्धा तास लावतात आणि वर पैसे घेत नाहीत, त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

फाइल उघडली की नवरा-नवरीकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. फोटो मोठा करून थेट कोपऱ्यात शिरतात. “मधातले लोक तं साऱ्यायलेच दिसतात. कोपरे पाहा लागते.”

एकदा जऊळक्याहून एक गृहस्थ आले होते. गजूभाऊंनी पडद्यावर बोट ठेवलं. “हा नाक पुसून राह्यला तो पोट्टा कोण होय?”

“मीच होय! करा न लवकर, माही गाडी सुटून राह्यली!”

“मंग सयपाक कोणाच्या हातचा होता, आठवते काय?”

गाडी गेली. गजूभाऊंनी त्यांना चहा पाजला आणि पुढची गाडी येईपर्यंत उरलेले कोपरे पाहून घेतले.

स्वयंपाकाची ही चौकशी कशासाठी, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. गजूभाऊंची आई अनसूयाबाई आसपासच्या लग्नांत स्वयंपाकाला जायची. गजूभाऊ दुसरीत असताना ती वारली. तिचा एकही फोटो घरात नाही. “तिचा आवाज आठवते, हात आठवते,” ते सांगतात, “पण चेहरा धरू जातो तं सुटते.” इतक्या लग्नांत राबलेली बाई एखाद्या तरी फोटोच्या कडेला असणारच, यावर त्यांचा ठाम विश्वास.

“पण भाऊ, ओळखसान कसं?” मी एकदा विचारलं.

“मायले ओळखा लागते काय, मास्तर?”

मास्तर मी, पण धडा त्यांनी दिला.

मागच्या महिन्यात आई-बाबांच्या लग्नाचा फोटो भावंडांना पाठवायचा म्हणून मीही त्यांच्यासमोर बसलो. नेहमीची कोपरे-तपासणी सुरू झाली. मी जांभई देत होतो, तेवढ्यात गजूभाऊ थांबले. मांडवाच्या खांबाआड एक बाई उभी होती. पदर खोचलेला, हातात झारा. कुणीतरी हाक मारल्यासारखी ती वळून हसत होती.

“मास्तर, तुमच्या आईले दाखवा. आत्ताच!”

आणि त्या दिवशी प्रथमच गजूभाऊंनी दोन क्लिकचं काम दोन क्लिकमध्ये केलं. जेपीजी आईच्या मोबाइलवर गेलं. ‘खांबाआडची बाई कोण?’ एवढंच मी खाली लिहिलं. आम्ही दोघंही फोनकडे बघत बसलो. आईचा फोन आला, तो मी स्पीकरवर टाकला.

“अरे, हे तं अनसूयाबाई होय! लग्नाच्या दिवशी मी सकाळपासून उपाशी होती, तं तिनंच मले गुपचूप गरम बुंदी खाऊ घातली. एक लहानसं लेकरू होतं तिच्यासंग. सारखं पदर ओढे.”

गजूभाऊ मोठ्यानं रडले. अर्ज भरायला आलेल्या एकानं पाण्याचा ग्लास पुढे केला. माझेही डोळे भरून आले.

थोड्या वेळानं मी म्हटलं, “भाऊ, तेवढाच भाग कापून मोठा करा.”

“नाही, मास्तर. तिच्या हातचं जेवाले जमले न हे सारे. सोबतच राहू द्या.”

आता माझ्या आई-बाबांचं अख्खं लग्न गजूभाऊंच्या घरच्या भिंतीवर आहे. हार घालू का, म्हणून त्यांनी आमच्या घरी रीतसर फोन केला. आई म्हणाली, “घाला न, मले काय होते?” बाबांनी मात्र साफ नकार दिला.

म्हणून रोज आंघोळ झाली की गजूभाऊ चौकटीच्या, आई उभी आहे त्या बाजूला एकच फूल खोचतात आणि तिला सांगतात, “माय, दुकानात जाऊन येतो.”