दुसरं कोणीतरी आत आहे

"चार वाजता माझी मुलाखत आहे. पाऊण तास. तेवढा वेळ कुणी नेटला हात लावायचा नाही," असं बायकोनं दोघांनाही बजावलं होतं. सकाळी एकदा, जेवताना एकदा, आणि साडेतीनला खोलीचं दार लावून घेताना पुन्हा एकदा. "काही करू नका. काहीच न करणं हीच तुमची मदत."

दोघं म्हणजे तिचा नवरा आणि तिचे वडील. नवरा घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासायचा. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग होता. वडील एका कारखान्यातले निवृत्त भांडारपाल. डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून महिनाभर लेकीकडे आले होते. जन्मभर किल्ल्या सांभाळल्यामुळे जगात दोनच प्रकारची माणसं असतात असं त्यांचं ठाम मत होतं: कुलूप लावणारी आणि चोर. सासरे-जावयात भांडण म्हणाल तर कधीच नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं.

तिची नोकरी नऊ वर्षांपूर्वी सासूबाईंच्या आजारपणात सुटली होती. पाण्याच्या पाइपलाइनचे नकाशे काढायचं काम. त्यानंतर पाठवलेल्या अर्जांची गणती नव्हती, पण मुलाखतीला बोलावलं होतं ते पहिल्यांदाच. काहीच न करणं एवढंच दोघांकडे मागितलं होतं. आणि तेवढंच नेमकं त्या दोघांना जमण्यातलं नव्हतं.

पावणेचारला नवऱ्याच्या मनात आलं की दुपारी नेट अडकतं. मोडेमच्या पानावर शिरून सगळा वेग बायकोच्या कॉम्प्युटरला देता येतो, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. हेतू चांगला होता. हेतू चांगला असला की माणूस जास्त नुकसान करतो, कारण त्याला थांबवायचं कुणाला सुचत नाही.

मोडेम दिवाणखान्यात चपलांच्या कपाटावर होता. पानाचा पत्ता आणि पासवर्ड त्याच्या पोटावर चिकटवलेला. नवऱ्यानं तो वर उचलून, मान वाकडी करून खालून वाचला. वायर ताणली गेली, दिवे लुकलुकले. मग त्यानं आपल्या कॉम्प्युटरवर तो आकड्यांचा पत्ता टाकला. कॉम्प्युटरनं त्याला ट्रकच्या टायरांची जाहिरात दाखवली. पुन्हा टाकला, पुन्हा टायर. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की टिंबाच्या जागी स्वल्पविराम पडतोय. लोकांचे स्वल्पविराम काढण्यात आयुष्य गेलेल्या माणसावर ही वेळ यावी! शेवटी पान उघडलं, आणि त्यावर एकच ओळ होती: दुसरं कोणीतरी आत आहे, नंतर प्रयत्न करा.

त्यानं कंपनीच्या मदतकेंद्राला कुजबुजत फोन लावला.

"सर, घरातलं कुणी आत गेलंय का?"

"घरातलं कोण जाणार? बायको मुलाखतीला बसलीय, सासरे झोपलेत."

"मग बाहेरचं असेल सर. काही वेळानं ते आपोआप बाहेर पडतं. तोवर थांबा."

सासरे झोपले नव्हते. आतल्या खोलीत टॅब्लेट मांडीवर घेऊन ते मोडेमच्या पानावर बसले होते. कुणाच्याही घरी राहायला गेलं की कामाचे आकडे आधी टिपून ठेवायचे, या सवयीनं त्यांनी आल्या दिवशीच मोडेमचं पोट आपल्या डायरीत उतरवलं होतं. लेकीला पूर्ण वेग मिळावा, एवढीच त्यांचीही इच्छा होती. समोर घरातल्या यंत्रांची यादी होती. लेकीच्या कॉम्प्युटरला लेकीचं नाव होतं. फोन फोनसारखे दिसत होते, स्वतःचा टॅब्लेट त्यांनी कंपनीच्या नावावरून ओळखला. पण एका ओळीत नुसतीच अक्षरं आणि आकडे होते. नाव नाही, गाव नाही.

"सापडलास," सासरे पुटपुटले आणि त्यांनी त्या यंत्राचं नेट तोडलं. मग समाधानानं चष्मा पुसायला घेतला.

ते यंत्र जावयाचं होतं. इकडे त्याच्या कॉम्प्युटरवरचं नेट गेलं तसा तो चरकला. त्यानं फोनवरून तेच पान उघडलं. तेवढ्यात आतला माणूस चष्मा पुसण्याच्या नादात आपोआप बाहेर पडला होता, त्यामुळे या वेळी दार उघडलं. यादी पाहतो तो खरंच एक अनोळखी यंत्र! त्यानं दात-ओठ खाऊन त्याचं नेट तोडलं, आणि आतल्या खोलीत सासऱ्यांचा टॅब्लेट बंद पडला.

चार वाजून बारा मिनिटांनी दोघं दोन दारांतून एकदमच चपलांच्या कपाटापाशी आले.

"बाबा, तुम्ही कुठं निघालात?"

"पाणी प्यायला. तुम्ही?"

"मीही पाणीच."

स्वयंपाकघर दुसऱ्या टोकाला होतं. दोघंही हलले नाहीत.

"बाबा, घाबरू नका, पण आपल्या नेटमध्ये कुणीतरी शिरलंय."

"तुम्हालाही दिसला?" सासऱ्यांचा चेहरा उजळला. "मी एकाला आत्ताच हाकलला!"

"मीही एकाला हाकलला!"

"म्हणजे दोघं आहेत," सासरे म्हणाले. "टोळी आहे, जावईबापू."

लग्नाला दहा वर्षं झाली होती, आणि सासरे-जावयाचं एवढं लांबलचक बोलणं आज पहिल्यांदाच होत होतं. दोघांनाही ते आवडलं, हे जास्त वाईट झालं.

"बटणच बंद करा," सासरे म्हणाले.

"पण तिची मुलाखत चालू आहे."

"म्हणून तर! चोर तिच्या कॉम्प्युटरात घुसला म्हणजे?"

मुद्दा बिनतोड वाटला. जावयानं बटण बंद केलं.

खोलीचं दार उघडलं. ती उंबऱ्यात उभी राहिली. तिनं मोडेमकडे पाहिलं, नवऱ्याच्या बोटाकडे पाहिलं, वडिलांच्या डायरीकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिनं आपला फोन उचलला, बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसली आणि फोनच्याच नेटवर पुन्हा मुलाखत जोडली. "माफ करा, घरी जरा गडबड झाली," एवढं ऐकू आलं. मग पाइपाचा उतार किती ठेवायचा ते ती समजावून सांगू लागली, न अडखळता. दोघं दाराआड उभे होते. दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अर्ध्या तासानं ती आत आली.

"उद्यापासून या म्हणाले."

"वा!" दोघं एका सुरात म्हणाले.

"घरून काम केलं तरी चालेल म्हणत होते."

"मग तर उत्तमच!"

"मी नको म्हटलं. म्हटलं, घरून नाही जमणार, घरी माणसं आहेत."

मग तिनं मोडेम सुरू केला आणि यादी उघडली. "हा पहिला चोर प्रुफं तपासतो," ती म्हणाली, "आणि हा दुसरा चोर माझ्याच हातची भाकरी खातो."

"अगं, मग आता आम्हाला सोडव ना," नवरा म्हणाला.

"उद्या संध्याकाळी. या पानाचा पासवर्ड बदललाय आणि कुठंही लिहिलेला नाही. बाबा, डायरी मिटा. आणि मागच्या भोकात टाचणी घालून मोडेम कोरा केलात ना, तर बघा."

दुसऱ्या दिवशी ती नऊला ऑफिसात गेली. नवऱ्याला बारापर्यंत प्रुफं पाठवायची होती आणि फोनच्या पडद्यावर काना कुठं नि मात्रा कुठं ते दिसेना. सासऱ्यांच्या नव्या डोळ्याला फोनवरचं वर्तमानपत्र झेपेना. साडेदहाला दोघं खुर्च्या जोडून फोनवर उघडलेल्या मोडेमच्या पानासमोर बसले. आता आत कुणीच नव्हतं. पासवर्ड टाकायच्या तीन संधी होत्या.

"माझंच नाव असणार," नवरा म्हणाला आणि आत्मविश्वासानं टाकलं. चूक.

"सरका," सासरे म्हणाले. "लेकी बापाला विसरत नाहीत." तेही चूक.

"बाबा, तिला काय आवडतं हो?"

"ते तुम्हाला ठाऊक. दहा वर्षं झाली."

"तुमच्याकडे तर पंचवीस वर्षं होती."

सासरे विचारात पडले. "निळा रंग," ते म्हणाले.

"तो तुम्हाला आवडतो, बाबा. तुमचे सगळे शर्ट निळे आहेत."

"हो, खरंच की. मग तिला कुठला?"

पडदा दोनदा काळा पडला, दोनदा त्यांनी तो जागा केला. शेवटी जावयानं तिलाच फोन लावला.

"पासवर्डसाठी नाही हं," तो घाईनं म्हणाला. "सहज विचारतोय. तुला रंग कुठला आवडतो?"



"किती संधी उरल्या?" तिनं विचारलं.

"एक."

"जपून ठेवा," ती म्हणाली, आणि फोन ठेवून कामाला लागली.