धाकोजी पाटकरी यांनी गोट निवडिला, ती हकीकत

वाहत्या पाण्यास आणि ऐकून घेणाऱ्या कानांस नमन करून लिहिले ऐसे जे: शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, माघमासी एका राज्यात राजे कारभारास कंटाळले आणि त्यांनी दवंडी पिटविली की, तीन गोट आहेत, ज्याच्या निशाणाखाली अधिक माणसे उभी राहतील त्याने पाच वर्षे राज्य चालवावे. त्या राज्यात धाकोजी पाटकरी म्हणून साठीचे गृहस्थ होते. बंधाऱ्याच्या पाटाचे पाणी शेतोशेती वाटून द्यावे हे त्यांचे काम. चाळीस वर्षे ते करिता त्यांच्या मनी दोन गोष्टी पक्क्या बसल्या होत्या: पाटाच्या शेवटल्या शेतास पाणी आधी द्यावे, आणि राबत्या माणसास गावातून उठवू नये. या दोन्ही मानील तो गोट आपला, ऐसे ठरवून धाकोजी निघाले आणि प्रथम मोराच्या निशाणाकडे गेले. तेथील कारभारी बोलिले, "शेवटल्या शेतास पाणी आधी, हा आमचा शब्द. मात्र टेकडीवर पाले ठोकून राहणारे पालवाले उठवावे लागतील. ते आपले नव्हेत." धाकोजी म्हणाले, "पाटातला गाळ दर साली तेच काढतात." "काढील दुसरे कोणी," ऐसे म्हणून कारभाऱ्यांनी विडा पुढे केला, तो धाकोजींनी घेतला नाही आणि उठले. मग कासवाच्या निशाणाकडे गेले. तेथे म्हणाले, पालवाले खुशाल राहोत, पण पाणी आधी वरल्या उसास, शेवटल्यांचे पुढे पाहू. मग घागरीच्या निशाणाकडे गेले, तेथे दोन्ही गोष्टींस "होय होय" म्हणाले. धाकोजींस फार बरे वाटले. इतक्यात वरल्या उसाचे मालक आले आणि त्यांसही तेच तोंड "पाणी आधी तुम्हांस" ऐसे बोलिले. धाकोजी बाहेर पडले.

घरी येऊन त्यांनी पाय धुतले आणि ओटीवर बसून राहिले. त्यांचे कुटुंब मंजुळाबाई यांनी विचारिले, "मिळाला का मनाजोगता?" "नाही. यंदा मी उभाच राहत नाही कुठे." तेव्हा बाई बोलिल्या, "तुम्ही घरी बसाल, म्हणून मोजणी थांबायची आहे का? मनाजोगता गोट हवा तर एकट्याचा काढा आणि एकटेच त्यात बसा. मी कासवाखाली उभी राहणार." "आणि शेवटल्यांचे पाणी? पाटाच्या टोकास आपल्या म्हसूचे शेत, त्याचे काय?" "पाण्यासाठी उद्या भांडता येईल. एकदा उठविलेली माणसे कोण शोधून आणणार?" धाकोजींस त्या बोलण्याचा राग आला, आणि राग ओसरल्यावर ते खरे वाटले.

मोजणीच्या दिवशी धाकोजी कासवाच्या निशाणाखाली उभे राहिले. म्हसू गावडे हे त्यांचे लहानपणापासूनचे स्नेही, शेत पाटाच्या अगदी शेवटी. ते मोराखाली उभे होते. त्यांनी मैदानापलीकडून पाहिले आणि जवळ येऊन एवढेच म्हणाले, "धाकू, तूसुद्धा?" धाकोजी म्हणाले, "ऐक तरी." पण म्हसू ऐकावयास थांबले नाहीत.

कासवाचा गोट थोडक्याने जिंकला. पाले टेकडीवर राहिली आणि म्हसूचे शेत वैशाखात करपले. मग धाकोजी दर महिन्यास आपल्याच गोटाच्या दारी जाऊन शेवटल्यांचे पाणी मागू लागले, आणि कारभारी त्यांस पाहून आत जाऊ लागले, आणि गोटातली माणसे म्हणू लागली की, हा म्हातारा आपला की परका? ऐसी दोन वर्षे गेली. पायांस सूज आली, तरी जाणे सुटले नाही. तिसरे वर्षी कारभारी कंटाळून बोलिले, "घ्या, पंधरवड्यास दोन दिवस शेवटल्यांना द्या आणि आमचे डोके सोडा." त्या दिवशी धाकोजींनी स्वतः म्हसूच्या शेतात पाणी सोडिले. म्हसू फावडे घेऊन आले, त्यांनी पाणी सरीत वळविले, आणि पाठ फिरवून दुसऱ्या सरीकडे गेले. धाकोजी पाणी शेताच्या टोकास पोचेतो बांधावर उभे राहिले, मग घरी आले.

सारांश, धाकोजींस मनाजोगता गोट मिळाला नाही. ज्याच्याशी भांडत राहता येईल ऐसा मिळाला. पाले राहिली, पाणी थोडे आले, स्नेही गेला. घडले ते इतके. लिहिण्यात अधिक-उणे झाले असल्यास वाचणाऱ्यांनी पोटात घालावे.