मुळे सरांची फ्रेंच रीत

मुळे सर रिक्षात बसण्याआधी रिक्षावाल्याला नमस्कार करतात. यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. पण रिक्षावाला उलट नमस्कार करीपर्यंत ते आत पाय ठेवत नाहीत. एकदा ऐन गर्दीच्या वेळी जालना रोडवर मी त्यांच्यासोबत होतो. सर हात जोडून उभे, रिक्षावाला त्यांच्या तोंडाकडं बघतोय आणि मागून बस हॉर्नवर हॉर्न मारतेय.

"चाचा, बैठो ना! पीछू से बस आ री!"

"नमस्कार," सर पुन्हा म्हणाले.

"अरे हौ, नमस्कार, नमस्कार! अब बैठो!"

मग सर बसले आणि मला म्हणाले, "आधी माणूस, मग काम."

चिकलठाण्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. सरांनी सगळी नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवली. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या त्या वर्षी त्यांची मुलगी गौरी त्यांना सहा महिन्यांसाठी आपल्याकडं, फ्रान्समध्ये तुलूझला घेऊन गेली. जावई तिकडचाच. नात मीरा तेव्हा दोन वर्षांची. इंग्रजी पाठीशी असल्यावर फ्रान्स काय अवघड, अशा ऐटीत सर विमानात बसले.

ती ऐट एका पाववालीनं उतरवली. सर दुकानात शिरले आणि वर्गात शिकवायचे तसं स्वच्छ, व्याकरणशुद्ध इंग्रजीत पाव मागितला. बाई म्हणाली, "बोंजूर." सरांना वाटलं, हिला ऐकू आलं नाही. त्यांनी आवाज चढवून मागितला. बाई म्हणाली, "बोंजूर." मागं रांग लागलेली. तिसऱ्यांदा सरांनी 'प्लीज' दोनदा घातलं. बाई तशीच. शेवटी रांगेतला एक म्हातारा त्यांच्या कानाशी येऊन इंग्रजीत म्हणाला, "आधी तिला नमस्कार करा. पाव कुठं पळून जात नाही."

"विनायक, लई लाज वाटली रे," सर मला सांगत होते. "मी पोरांना इतकी वर्षं प्लीज शिकवलं. समोर बाई उभी आहे, हे आधी बघायचं असतं, ते शिकवायचं राहिलंच."

तेव्हापासून सरांनी फ्रेंच रीत अंगी बाणवली ती बाणवलीच. फ्रेंच भाषाही पुस्तकावरून शिकायला घेतली. रोज सकाळी भिंतीपलीकडून नाकातले उच्चार ऐकू येतात. पहिल्या आठवड्यात माझ्या बायकोला, सुनीताला, वाटलं सरांना सर्दी झालीय.

एकदा त्यांनी आम्हा दोघांना फ्रेंच पद्धतीच्या जेवणाला बोलावलं. "पंधरा मिनिटं उशिरा या. वेळेवर येणं तिकडं वाईट दिसतं. घरची बाई तयार होत असते."

"पण सर, इथं कोण तयार होतंय?" सुनीतानं विचारलं.

"मी," सर म्हणाले.

खरंच इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. आधी नुसती काकडीची कोशिंबीर आली. ती संपल्यावर गप्पा. मग नुसती वांग्याची भाजी. मी पोळीची वाट बघत होतो. "येईल," सर म्हणाले. पोळी आली तेव्हा भाजी संपली होती. मी डावा हात मांडीवर ठेवला होता, तर म्हणाले, "दोन्ही हात टेबलावर. लपवायचे नसतात." शेवटी चीजची एकेक वडी. दोन तास झाले. मी चुळबुळायला लागलो तशी त्यांनी आणखी एक वडी वाढली.

"एरवी माझं जेवण दहा मिनिटांत उरकतं रे," ते म्हणाले. मी घड्याळाकडं बघायचं बंद केलं.

दर रविवारी दुपारी चारला गौरीचा व्हिडिओ कॉल येतो. सरांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केलाय. गौरी दर उन्हाळ्यात येणार असते आणि दर उन्हाळ्यात काहीतरी आडवं येतं. मध्यंतरी एका रविवारी फोनचा आवाज येईना म्हणून सरांनी मला हाक मारली. मी आवाज सुरू करून दिला. मीरा आता आठ वर्षांची. चारदोन वाक्यं बोलली आणि पळाली.

"आजोबांशी किती अदबीनं बोलते!" मी म्हणालो. बोलणं कळलं नव्हतं, पण मान खाली घालून बोलत होती.

सर चष्मा पुसत राहिले. "ती मला 'वू' म्हणते. म्हणजे 'तुम्ही'."

"मग चांगलंच की. संस्कार आहेत."

"आपल्याकडं. तिकडं घरच्या माणसाला 'त्यू' म्हणतात, आजोबालासुद्धा. 'वू' परक्याला. दुकानदाराला, पोस्टमनला."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तिची चूक नाय. मी तिच्या घरी राहिलेलो तिला आठवतच नाही," सर म्हणाले. "पण एक रीत आहे. 'वू' वरून 'त्यू' वर यायचं, तर मोठ्या माणसानं आपणहून म्हणायचं असतं. मलाच म्हणावं लागेल."

मग तीन आठवडे भिंतीपलीकडून एकच वाक्य येत होतं. दर रविवारी ते वाक्य सरांच्या ओठावर यायचं आणि मीरा पळालेली असायची. चौथ्या रविवारी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. "नुसता बस. कुणीतरी असलं म्हणजे मी कच खाणार नाही."

फोन लागला. सर ताठ बसले आणि तोंडी परीक्षेतल्या पोरासारखं ते वाक्य एका दमात बोलले. मीरानं मान तिरपी करून त्यांच्याकडं बघितलं.

"दाकोर," ती म्हणाली. बरं.

आणि तिनं काहीतरी विचारलं. सरांचा चेहरा उजळला. "तू कुठं राहतोस, असं विचारतेय!" ते मला म्हणाले आणि फोन घेऊन उठलेच. अंगण दाखवलं, स्वयंपाकघर दाखवलं, मला दाखवलं. मग मागच्या खोलीचं दार उघडलं. ती खोली मी कधी आतून बघितली नव्हती. आत एक लहानसा पलंग होता. त्यावर फुलाफुलांची चादर, घडीच्या रेघा अजून तशाच.

"सा, से पूर त्वा," सर म्हणाले. हे तुझ्यासाठी.

मीरा बराच वेळ बघत राहिली. मग भराभर काहीतरी बोलली. सर "वी, वी", म्हणजे हो, हो, म्हणत हसले. फोन बंद झाला तरी ते दारातच उभे होते.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पलंग छान आहे. पण तिचे पाय बाहेर येतील." त्यांनी आत जाऊन चादरीवरून हात फिरवला. "पहिल्यांदा येणार होती, तेव्हा घेतलेला."

मग ते वाकून पलंगाची एक बाजू धरत म्हणाले, "विनायक, जरा हात लाव. भिंतीपासून पुढं ओढू. मोठा मावतो का बघू."