आनंदवन गडाच्या फिरत्या पाटीची हकीकत

श्री उंबरठादेवी समर्थ, जिच्या मर्जीविना पाऊल आत पडत नाही. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर (नाव संवत्सराचे, स्वभाव मात्र कमिटीचा), वैशाख मास, ते समयी एका राज्यात आनंदवन नामे सात मजली गड होता, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. गडास लिफ्ट एक, ती बहुधा रुसलेली, आणि चिटणीस एक, अनंतपंत भाटवडेकर, ते बहुधा जागे. दरवाजावर दोरीने पाटी टांगलेली, एके अंगी 'जागा भाड्याने देणे आहे', दुसरे अंगी 'जागा गेली', आणि पाटीस बांधलेली सुतळी थेट पहिल्या मजल्यावर पंतांच्या गॅलरीत. रिवाज ऐसा की कोणी घर पाहावयास आले की द्वारपालाने आडनावाची ललकारी वर द्यावी, आणि आडनाव मनास न आले तर पंतांनी सुतळी ओढावी, आणि पाटीने अर्धी गिरकी घेऊन पाठ दाखवावी, आणि मंडळी गेली की पंतांनी पुन्हा ओढावी. पंत या युक्तीवर बहुत खूष. म्हणत, "आपण कुणाला नाही म्हणतच नाही. पाटी म्हणते."

त्याच शहरी नाझनीन परकार नामे कन्या, दहावीत जाणारी, वक्तृत्वाची ढाल जिंकलेली, आणि ढाल जिंकल्यापासून गप्प बसणे विसरलेली. तिची अम्मी शमीमबाई इस्पितळात नर्स. राहते घर पाडावयाचे ठरले, महिनाअखेर बाहेर पडणे भाग, आणि मायलेकी घर धुंडीत होत्या. शमीमबाईंची रीत ऐसी की फोनवर प्रथम आडनाव सांगावे, मग नमस्कार. म्हणत, "आधीच सांगितलं की खेप वाचते." नाझनीन म्हणाली, "खेप वाचते अम्मी, पण घर कुठे मिळतं?" शमीमबाईंनी भाजी चिरावयास घेतली.

मग आनंदवनात जागा रिकामी ऐसी बातमी लागली, आणि इस्पितळ तर समोरच, रस्ता ओलांडला की ड्युटी, म्हणोन मायलेकींची स्वारी दरवाजी दाखल जाहली. पाटीवर 'देणे आहे' स्वच्छ वाचिले. द्वारपालाने ललकारी दिली, "परकार आल्या!" आणि वरून सुतळी हलली आणि पाटीने पाठ फिरवली. "आत्ताच गेली बघा, ताई," द्वारपाल बोलिला. "आत्ताच म्हणजे? आम्ही इथं उभ्या असताना?" नाझनीनने पुसिले. "आजकाल फार पटकन जातात जागा." शमीमबाई माघारी वळल्या, परंतु नाझनीनने कोपऱ्यावरून मागे पाहिले तो पाटी पुन्हा 'देणे आहे'. पाटीखाली मालकीण चांदोरकरबाईंचा नंबर होता, तो तिने फिरविला. बाई चकित होऊन म्हणाल्या, "अगं, मला तर नर्सबाई हवीच आहे, माझे गुडघे बघ की जरा. पण पंत म्हणाले, कमिटीला चालत नाही." आणि पंतांस विचारिले तो ते म्हणाले, "आमचं काही नाही हो, मालकीणबाईंनाच चालत नाही." येणेप्रमाणे नकार गडभर हिंडत होता आणि त्यास धनी कोणी नव्हता.

मग नाझनीनने मोहीम मांडिली. मैत्रीण ऋजुता वैशंपायन, वर्गात बाकाची वाटेकरीण, तीस सांगाती घेतले, आणि समोरच्या रसवंतीत मोबाइल ग्लासास टेकवून, दरवाजाकडे रोखून, चित्रण चालू ठेविले. ऋजुता दरवाजी गेली, ललकारी उठली, पाटी जागची हलली नाही, उलट पंत खासा सरबत घेऊन खाली उतरले. नाझनीन गेली, पाटी फिरली. मग पुन्हा ऋजुता, मग पुन्हा नाझनीन, आणि सुतळी ओढता ओढता पंतांचा दंड भरून आला, आणि पाटीच्या दोरीस पीळ चढत गेला, तिकडे कोणाचे ध्यान नव्हते. ऋजुता परतून म्हणाली, "नाझ, मला सरबत दोनदा मिळालं. लाज वाटली, पण प्यायले."

रात्री शमीमबाई बोलिल्या, "आपल्याला घर पाहिजे बाळा, भांडण नको." नाझनीन बोलिली, "भांडण त्यांनी केलंय अम्मी. आपण फक्त कचेरीत कळवायचं." शमीमबाईंनी मोबाइलवरचे चित्रण लाविले, पाटी फिरत होती, थांबत होती, फिरत होती. मग उठून त्यांनी ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, "अर्जावर सही मी करीन. तू लहान आहेस."

मग मायलेकी सुभ्याच्या कचेरीत गेल्या आणि अर्ज व चित्रण तपासनीस बाईंपुढे ठेविले. राज्याचा दंडक ऐसा की धर्म, जात, भाषा पाहून घर नाकारू नये, आणि भाडेकरू कोण ते मालकाने ठरवावे, गडाने केवळ नोंद करावी. तपासनीस बाई चष्मा पुसून म्हणाल्या, "इथं सगळे येऊन रडून जातात. तारीख, वेळ आणि चित्रासकट लेखी कुणी देतच नाही. मी काय, हवेवर कारवाई करू?" आणि पर्स उचलून निघाल्या.

तिघी गडाच्या दरवाजी येताच द्वारपालाने सवयीने हाळी दिली, "परकार आल्या! संगती आणखी एक बाई!" पंत दाढी करीत होते, त्यांनी साबणाच्या हाताने सवयीनेच सुतळी ओढिली, ती तुटून हातात आली, आणि इतक्या दिवसांचा पीळ एकदम सुटला. पाटी जी गरगर फिरू लागली ती 'देणे आहे', 'गेली', 'देणे आहे', 'गेली', थांबेचना. वरून पंत अर्धे गाल पांढरे ऐसे ओरडले, "अरे, धरा तिला!" द्वारपाल धरू गेला, बोट चेपले, मागे सरला. तपासनीस बाई शांतपणे म्हणाल्या, "फिरू दे. मी वाचतेय." गडावरील कुल गॅलऱ्या माणसांनी भरल्या, आणि चांदोरकरबाई गुडघे विसरून जिना उतरल्या. शेवटी पाटी दमली आणि 'देणे आहे' दाखवून उभी राहिली. चांदोरकरबाईंनी किल्ली सर्वांसमक्ष शमीमबाईंच्या हाती दिली, आणि गडास लेखी ताकीद आली, आणि पंतांनी खुलासा लिहिला, तो त्यांस बहुत वेळा फाडावा लागला.

ज्येष्ठात सामान आले. शमीमबाईंनी गॅसवाल्यास फोन केला आणि प्रथम नमस्कार म्हटले, मग आडनाव. दरवाजी द्वारपालाने ललकारी दिली, "परकार आल्या!" आणि वर कोठे काही हलले नाही.

सारांश, पाटी फिरली ती पाहिली, पाहिले ते टिपिले, टिपिले ते योग्य जागी लेखी कळविले, इतकेच युद्ध, आणि एवढ्याने गड सर जाहला. येथे पाटी थांबली, लेखणीही थांबते.