माकडटेकडीवरचं घरबसल्या शिक्षण

बावीस वर्षं नागसेन चिचखेड्यात आणि आसपासच्या चार गावांत सायकलवरून डाक वाटत होता. कोर्टाचं समन्स असो की नोकरीचा नकार, ज्याचं त्याला त्याच दिवशी मिळालंच पाहिजे, असा त्याचा बाणा. जंगलातल्या वाटेवर अस्वल आडवं आलं तरी त्यानं डाक चुकवली नव्हती. अशा या कर्तव्यदक्ष माणसाच्या थैलीत एक जाड पाकीट दोन दिवस पडून होतं, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं, सरितानं, थैली धुवायला काढली तेव्हा ते सापडलं.

"काऊन जी, हे काय हाय?"

"डाक हाय."

"खुशबूच्या नावाची दिसते."

"आताच आली."

"परवाचा शिक्का हाय हिच्यावर. तुमच्याच हातचा!"

नागसेन उगाच थैली झटकायला लागला. खुशबू ही त्याची एकुलती एक पोरगी. ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून बी. एस्सी. पहिल्या वर्गात पास झालेली. तिनं पाकीट फोडलं, वाचलं आणि अंगणात दोन गिरक्या घेतल्या. आयर्लंड नावाच्या देशातल्या विद्यापीठानं तिला वनशास्त्र शिकायला बोलावलं होतं आणि शिष्यवृत्तीही मंजूर झाली होती. आठवड्याभरात फक्त होकार कळवायचा होता.

त्या घडीपासून घरात तीन पक्ष पडले. खुशबूचा पक्ष आयर्लंडचा. सरिताचा पक्ष नागपूरचा. "माही बहीन हाय तिथी. होस्टेलात राहा, डबा मावशी देईल, रविवारी घरी ये," हे तिचं एका दमातलं भाषण होतं. नागसेनचा पक्ष तिसराच. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर त्यानं एक फलक वाचला होता: घरबसल्या पदव्युत्तर शिक्षण, चोवीस तास विद्यार्थी सहाय्य. त्यातला 'घरबसल्या' हा शब्द त्याला अमृतासारखा गोड लागला.

"आयर्लंडात कोन हाय आपलं?" तो म्हणाला. "काई झालं तं धावून कोन जाईन? दुनिया खराब हाय. इथी घरी बस, भात खा, एम. एस्सी. हो."

"बाबा, घरी नेटवर्क हाय का?"

"माकडटेकडीवर हाय ना! टेकडी म्हनजे घरच."

खुशबूही त्याचीच पोरगी. तिनं सरळ पैज लावली. "त्याईचे सात दिवस फुकट क्लास हायेत. रोज संध्याकाळी साडेपाचले. सातव्या दिवशी परीक्षा. सातही दिवस क्लास झाला, परीक्षा झाली, तं मी घरीच राहीन. एक जरी चुकला, तं आयर्लंड."

"लागली!" नागसेननं मांडीवर थाप मारली.

"अन् नागपूर?" सरितानं विचारलं. पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पहिल्या दिवशी नागसेन काठी घेऊन पोरीसोबत टेकडीवर गेला. खुशबूनं सपाट दगडावर लॅपटॉप मांडला, मोबाइलचं नेट जोडलं, मॅडम पडद्यावर आल्या, आणि टेकडीचे मूळ रहिवासीही आले. एका माकडानं खुशबूची वही पळवली, दुसऱ्यानं पडद्यातल्या मॅडमला दात दाखवले. "कृपया शांत, हवेशीर खोलीत बसावं," मॅडम म्हणाल्या. हवेशीरपणाला काही तोटा नव्हता. एक दिवस झाला.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक धनराज वाटेत आडवा उभा राहिला. "नागसेनभाऊ, नाल्यात वाघाचे ताजे पंजे हायेत. आजचं काय थे करून घ्या, मी उभा राहतो. पन उद्यापासून साडेपाचले टेकडीवर एकट्यादुकट्यानं जाता येनार नाई. दहा मानसं पायजे, अन् आवाज पायजे."

नागसेननं क्लास संपताच टेकडीवरूनच विद्यार्थी सहाय्य केंद्राला फोन लावला. तिकडून एक मंजुळ आवाज म्हणाला, "सर, अडचणीचा प्रकार सांगा. प्रवेश, पासवर्ड, पुस्तकं की इतर?"

"वाघ."

"सर, मग मी 'इतर' लिहिते. आमचे प्रतिनिधी दोन दिवसांत आपल्याशी संपर्क साधतील."

"तवरक थो थांबन का?" नागसेननं विचारलं. बाईंनी याही प्रश्नाची नोंद केली.

हरेल तो नागसेन कसला! तिसऱ्या दिवशी त्यानं अख्खं चिचखेडं गोळा केलं. लटारू डफडं घेऊन पुढं, रुखमाबाईच्या बचत गटाच्या बाया थाळ्या बडवत मागं, मधे लॅपटॉप छातीशी धरून खुशबू. वाघ त्या दिवशी तालुका सोडून गेला असावा. अडचण एवढीच झाली की क्लास सुरू असताना आवाज थांबवायची धनराजची परवानगी नव्हती. मॅडमनी प्रश्न विचारला, खुशबूनं उत्तर द्यायला माइक उघडला, आणि पुण्यापासून नांदेडपर्यंतच्या विद्यार्थ्यांच्या कानात लटारूचं डफडं घुमलं.

"अरे वा! घरी लग्न आहे वाटतं," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम, थे वाघासाठी..."

नेट अडखळलं. पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही, पण सगळ्या वर्गानं अभिनंदन केलं. चौथ्या दिवशी मॅडमनी "अजून चालूच आहे का?" असं काळजीनं विचारलं. लग्नाची वरात दोन दिवस चालते म्हणजे घराणं मोठंच असणार, असा वर्गाचा समज झाला. इकडं टेकडीवर रुखमाबाईंनी चूल मांडली होती. लटारूला चहाशिवाय हात चालवता येत नव्हता.

पाचव्या दिवशी क्लास आटोपता आटोपता आयर्लंडहून फोन आला. फिओना नावाची, लाल केसांची बाई पडद्यावर हसत होती. ती त्या विद्यापीठाच्या विद्यार्थी सहाय्य कक्षातली. घरच्यांच्या मनात काही शंका असतील तर खुशाल विचाराव्यात, असं तिचं म्हणणं. नागसेन याच संधीची वाट पाहत होता.

"तिले इचार, सुरक्षा कशी हाय? अंदर की बात सांग म्हना."

खुशबूनं इंग्रजीत विचारलं. उत्तर यायच्या आधीच धनराजनं मान पुढं खुपसली. तो पडला खात्याचा माणूस, त्याचे प्रश्न ठरलेले. "वाघ किती हायेत तिकडं?"

"एकही नाई म्हनते," खुशबूनं सांगितलं.

"बिबट?"

"नाई."

"अस्वल?"

"नाई."

"साप तं असन?" रुखमाबाईंनी आशेनं विचारलं.

"जंगलात एकही साप नाई म्हनते. त्या देशातच नाई."

डफडं थांबलं. "मंग थे जंगल हाय की बगीचा?" लटारू पुटपुटला. चाळीस जोडी डोळे नागसेनकडे वळले, आणि दुनिया खराब असल्याचं भाषण सोडून तो माकडं हाकलायला लागला.

फिओनानं शेवटी खुशबूला काहीतरी विचारलं. खुशबूचा चेहरा असा काही उजळला की नागसेनला ती पाच वर्षांची, जत्रेतल्या पाळण्यात बसलेली दिसली. मग तिची नजर बापाकडे गेली आणि तिनं तो उजेड घाईघाईनं, पदराखाली दिवा झाकावा तसा झाकून टाकला. फिओना काय विचारत होती, हे नागसेननं विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. त्या रात्री त्याला भात गेला नाही.

पण पैज ती पैज. सहावा दिवसही डफड्यावर पार पडला. सातव्या दिवशी परीक्षेचा नियम आला आणि नागसेनच्या डोक्याला मुंग्या आल्या. परीक्षार्थीच्या आसपास एकही माणूस दिसता कामा नये, आवाज येता कामा नये. पडद्याच्या कोपऱ्यात एक साहेब डोळ्यांत तेल घालून बघत बसणार.

"एकटीले बसू देनार नाई," धनराज म्हणाला.

"एकटीच पायजे म्हनून राह्यले," नागसेन म्हणाला.

अखेर तोड निघाली. गावातली त्रेचाळीस माणसं माणसासारखी दिसणार नाहीत, असं ठरलं. कुणी दगडामागं, कुणी करवंदीच्या जाळीत, लटारू डफडं पोटाखाली घेऊन पालथा, रुखमाबाई पळसाच्या फांद्या डोक्यावर धरून झुडूप झालेल्या. नागसेन मोहाच्या झाडावर. खाली सपाट दगडावर एकटी खुशबू, आणि चोहीकडे शिंक दाबणारं जंगल.

अर्धा तास गेला. खुशबू भराभरा लिहीत होती. पाच मिनिटं उरली. नागसेनला आनंदानं फांदीवर उडी मारावीशी वाटली. पोरगी घरी राहणार! रोज संध्याकाळी टेकडी, डफडं, चहा, आणि पोरगी घरात! मग त्यानं खाली पाहिलं. खुशबूनं लिहिणं थांबवून हात मांडीवर ठेवले होते आणि ती दूर, वैनगंगेच्या दिशेनं, बघत बसली होती. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. राग नाही, रडू नाही, काहीच नाही.

"वाघ! वाघ आला रे!" नागसेन झाडावरून बेंबीच्या देठापासून ओरडला.

त्रेचाळीस झुडपं एकदम उभी राहिली. डफडं कडाडलं, थाळ्या वाजल्या, रुखमाबाई पळसासकट धावल्या, करवंदीच्या जाळीतून सरिता आधी आणि तिचं लुगडं मागून आलं. पडद्यातल्या साहेबाच्या हातातला कप सुटला आणि साहेबही दिसेनासा झाला. नागसेन झाडावरून उतरला नाही, पडला.

धनराजनं सगळी टेकडी धुंडाळली आणि परत येऊन हळूच त्याच्या कानाशी लागला. "नागसेनभाऊ, ताजे ठसे भेटले. हा वाघ नऊ नंबरची चप्पल घालते."

"कोनाले सांगू नोको," नागसेन म्हणाला. मग तो पोरीकडे वळला आणि उगाच मोठ्यानं म्हणाला, "काय करतं मंग! परीक्षा बुडाली. मी हारलो."

"नाई बाबा." खुशबूनं लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. "तुमी वरडायच्या आधीच मी पेपर देऊन टाकला होता. हे पाहा, मिळाला म्हनून आलं हाय. सात दिवस पुरे. तुमी जिंकले."

नागसेन बघतच राहिला. या पोरीला नुसतं पाच मिनिटं हात आखडून बसता आलं असतं. पण डाक वेळेवर पोचवायचं बापाचं खूळ तिच्यातही उतरलं होतं. त्याला हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्ही लपवायला त्यानं चप्पल शोधायचं सोंग घेतलं.

"मी वाघ पाह्यला ना डोयानं!" तो गरजला. "जिथी वाघ हाय तिथी माही पोरगी शिकनार नाई. बस! जिथी सापसुद्धा नाई तिथीच जाईन ते. पैज गेली नाल्यात!"

खुशबू त्याच्या गळ्यातच पडली. सरितानं केसांतले काटे काढत विचारलं, "विमान कुठून उडते?"

"आधी नागपूरले जा लागते, आई."

"पाह्यलं? मी पह्यल्या दिवसापासून नागपूरच म्हनून राह्यली होती!"

होकार लगेच कळवायचा ठरला, कारण नेटवर्क इथंच होतं. खुशबूनं बटण दाबताच मिनिटभरात फिओनाचा फोन आला. ती आनंदानं बोलत होती, पण मधेच थबकली. मागं लटारू रंगात आला होता, बाया फेर धरून नाचत होत्या आणि रुखमाबाईंच्या डोक्यावर अजून पळस होता.

"बाबा, हेही इचारून राह्यली," खुशबू हसत म्हणाली, "तुमच्या घरी लग्न हाय का म्हनते."

नागसेननं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

"सांग तिले, लग्न नोहोय," तो म्हणाला. "पाठवनी हाय."