ओल्मेदो यांच्या पोटातील बंडाळीची हकीकत

साहेबांचे सेवेसी अर्ज ऐसा जे, कीटो शहरी गुड फ्रायडेचे दुपारी राजमान्य राजश्री ओल्मेदो ग्वाचामीन, पेशाने केशकर्तनकार, यांचे उदरी जो दंगा जाला, त्याचा मजकूर जैसा घडला तैसा लिहिला असे.

दोन सालांमागे राजश्रींनी सासूबाई सोइलाबाईसाहेब यांचे फानेस्का, म्हणजे बारा कडधान्ये, भोपळा, दूध आणि खारवलेला मासा यांचे दाट सूप, निम्मे टाकिले होते. बाईसाहेब पावट्याचा दाणा न् दाणा सोलून घालीत, सबब अपमान मानून अबोला धरिला. यंदा बोलावणे आले आणि राजश्रींनी वाडगा तळापर्यंत चाटावा ऐसा निश्चय केला. परंतु सकाळीच मातोश्रींकडे दोन वाडगे रिचविले, ही खबर बायको नार्सिसापासूनही गुप्त राखिली.

वाडगा फन्ना जाला. आता आतड्याचे भिंतीत मज्जातंतूंचे जे चौकीदार, त्यांची रीत अजब. आतडे कापिले तरी हूं की चूं न करीत, परंतु ताणिले की तत्काळ हरकारे धाडीत. प्रथम हलक्या चौकीदारांनी अर्ज गुदरला की जागा भरली. कोणी दाद न दिली. मग वायूची फौज फुगोन भिंती ताणिल्या, आणि एरवी पेंगणारे जबर चौकीदार जागे होऊन त्यांनी दुखण्याचा नगारा वाजविला. परंतु अर्जात ठिकाण धड लिहावयाची त्यांस सवय नाही. सबब मेंदूचे दरबारी घोळ होऊन, छातीवरच हल्ला जाला ऐसे ठरले.

राजश्री घामाघूम होऊन खुर्चीत कोसळले आणि खरोखरच भ्याले. वडील याच वयात छाती धरून गेले होते.

"आई, काय घातलंस यात?" नार्सिसा ओरडली.

बाईसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. तो पाहोन राजश्रींस राहवले नाही.

"त्यांचा दोष नाही गं. सकाळी आईकडे दोन वाडगे खाल्लेत मी. सासूबाई, तुमचंच सरस. मरताना खोटं कशाला बोलू?"

"तिकडे पावटे सोलतात का?"

"नाही सोलत."

"मग मरत नाही तुम्ही. वात धरलाय. व्हा डाव्या कुशीवर!"

बडीशेपेचा काढा फर्माविला आणि घटकाभरात वायूची फौज तोफा डागीत वेशीबाहेर गेली. शेजाऱ्यांनी खिडक्या लाविल्या. भिंती सैल पडल्या, चौकीदार निजले आणि छातीची कळ साफ नाहीशी जाली.

"आता जिवंतपणी सांगा, जावईबापू. कुणाचं सरस?"

राजश्रींनी दार लागले आहे ऐसे पाहिले.

"तुमचंच."

येणेप्रमाणे दोन सालांचा अबोला मोडून फत्ते जाली. बाईसाहेबांनी डोळे पुसोन आणखी अर्धा वाडगा वाढिला आणि राजश्रींनी तो खाल्ला. चौकीदारांचा नवा अर्ज आला. तो दप्तरी दाखल करून ठेविला असे.