साडेतीनची तबकडी

टोरबोर्गने आकाश-निरीक्षण मंडळात नाव घातलं ते आकाशासाठी नव्हे, नणंदेसाठी. गुड्रुन एकोणीस वर्षं मंडळाची अध्यक्ष होती आणि उडती तबकडी सोडा, तिला अजून उडता चमचाही दिसला नव्हता. तोरा मात्र असा, की सगळं आकाश हिच्याच माहेरचं.

"नवख्यांनी आधी वहीत तपासायचं," गुड्रुनने बजावलं. "विमान आहे का, तारा आहे का, घरचं कोणी दिवा घेऊन बाहेर गेलंय का."

"घरचं कोण जाणार? तुझा भाऊ दुपारी लाकडं फोडायला म्हणून जातो आणि शेडमध्ये घोरत पडतो."

उत्तरेकडच्या त्या खोऱ्यात डिसेंबरात तीनलाच काळोख पडतो. साडेतीनला टोरबोर्गला समोरच्या डोंगरावर पांढरा ठिपका दिसला. तो रमतगमत वर चढला, थांबला, अर्धा तास नारिंगी होऊन धगधगला, मग नागमोडी वळणं घेत सुसाट खाली आला आणि नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. वहीबिही बाजूला ठेवून तिने मंडळाला फोन लावला.

तिसऱ्या दिवशी आठ जण आणि पाच कॅमेरे तिच्या स्वयंपाकघरात दाटले. ठिपक्याने सगळा खेळ पुन्हा करून दाखवला. गुड्रुनची कॉफी बशीत सांडली.

"एकोणीस वर्षं," ती पुटपुटली.

"खा गं," टोरबोर्गने तिच्यापुढे वॉफल सरकवलं. "नुसतं वर बघून होत नाही, नजर असावी लागते."

इतक्यात मागचं दार वाजलं. टोरबोर्गने जाऊन उघडलं. दारात नवरा, आस्मुंड. काखेत स्की, कपाळावर पेटता दिवा, मिशीला मोहरीची चटणी. डॉक्टरांनी सॉसेज बंद केल्यापासून टोरबोर्गने घरात त्याचा वासही येऊ दिला नव्हता.

"कुठं होतास?"

"लाकडं फोडत होतो."

"डोंगरावर? शेकोटी पेटवून?"

आस्मुंडने मिशी पुसली. आतून गुड्रुनचा आवाज आला, "टोरबोर्ग, उद्या पुन्हा दिसलं की नोंद पक्की. नाही दिसलं तर मात्र नवख्या बाईचा भास, असं लिहावं लागेल हं."

टोरबोर्गने हात वर केला आणि नवऱ्याच्या कपाळावरचा दिवा विझवला.

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला तिने स्वतःच्या हाताने चार सॉसेज त्याच्या पिशवीत भरली. बाहेर उणे अठरा, वारा घोंघावत होता.

"आज कंबर धरलीय गं," आस्मुंड कळवळला. "आणि मला आता सॉसेज नकोसं झालंय."

"मंडळ निघालंय घरून," ती त्याच्या कानटोपीवर दिवा घट्ट बसवत म्हणाली. "उतरताना दोन वळणं जास्त घे. तुझ्या बहिणीला ती फार आवडली."